पाणी भरायला काय घ्यावं: तांबं, स्टील, माठ की बाटली?

पिण्याचं पाणी कशात भरावं, हा विषय हल्ली बऱ्याच घरांत निघतो. तांब्याची बाटली घ्यावी, की आहे ते स्टीलचं पिंपच बरं? पैसे खर्च करण्याआधी एक करून बघा. चार दिवस न घासलेल्या बाटलीत बोट घालून आतून फिरवा. बोटाला लागते ती बुळबुळ म्हणजे जिवाणूंची वस्ती. तिला बायोफिल्म किंवा जैवपटल म्हणतात.

जिवाणू भांड्याच्या भिंतीला आधी नुसता टेकतो. तेव्हा विसळलं तरी बरेचसे निघून जातात. काही तास निवांत मिळाले की ते भोवती शर्करा-प्रथिनांचा चिकट लगदा सोडून पक्के बसतात, आणि त्यांच्यावर आणखी येऊन बसतात. मग विसळून भागत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही वरच्या थरातच संपून जातं. हे फार जुनं निरीक्षण आहे. 1680 च्या दशकात लेवेनहूक या डच माणसानं स्वतः घडवलेल्या सूक्ष्मदर्शकातून दातांवरच्या किटणात हलणारे जीव पाहिले आणि व्हिनेगरनं चूळ भरून पाहिली. बाहेरचे मेले, आतले जिवंत राहिले.

तांब्याची ख्याती खोटी नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मुद्दाम जुलाबाचे आणि कॉलऱ्याचे जिवाणू मिसळलेलं पाणी 16 तास तांब्याच्या भांड्यात ठेवलं, तर ते जिवाणू पुन्हा वाढवता आले नाहीत. पाण्यात उतरलेलं तांबंही जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला 2 मिलिग्रॅम या मर्यादेच्या बरंच आत होतं. मात्र ते जिवाणू पाण्यात मोकळे होते. थर एकदा धरला की तोच लगदा तांब्याचे आयन, म्हणजे पाण्यात उतरलेले तांब्याचे विद्युतभारित कण, अडवतो. तांब्याच्या नळांतही थर धरतो, फक्त सुरुवातीला सावकाश. म्हणून तांबं घ्यायचं तर रुंद तोंडाचा हंडा किंवा कळशी घ्या आणि चिंच-मीठ लावून नेमानं घासा. बाजारातल्या अरुंद तोंडाच्या बाटल्या मला पटत नाहीत. हात आत जात नाही, आणि काहींना आतून लाखेसारखा लेप असतो, म्हणजे पाण्याला तांबं लागतच नाही. ताक, लिंबूपाणी तांब्यात ठेवू नये, हे आजी सांगायची ते अगदी बरोबर होतं. आंबटानं तांबं भलतंच उतरतं.

स्टील जिवाणू मारत नाही. पण ते गुळगुळीत असतं, घासणी सोसतं, उकळतं पाणी सोसतं. रोजच्या वापराला मी स्टीललाच कौल देईन. त्यात एकच जागा दगा देते, ती म्हणजे पिंपाचा नळ. आमचं पिंप दर दोन दिवसांनी लख्ख घासलं जायचं, तरी पाण्याला वास येऊ लागला. शेवटी नळ फिरवून काढला. आतल्या रबरी वायसरला काळपट, शेंबडासारखा थर होता आणि प्रत्येक पेला त्यावरूनच भरला जात होता. पाणी उकळून भरत होतो, त्याचं काही चीज झालं नव्हतं.

माठाचा गारवा दुसऱ्या कशाला नाही. पण त्याची छिद्रं जिवाणूंना ऐसपैस आहेत आणि साबण लावला तर तो मातीत मुरतो. काथ्यानं आणि कढत पाण्यानं घासून आठवड्यातून एकदा कडक उन्हात पूर्ण वाळवा. ओल गेली की थर वाढत नाही. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर त्यांचं पाणी माठात ठेवू नका.

प्लास्टिकची बाटली प्रवासापुरती ठीक. ब्रशचे ओरखडे पडत जातात, त्यातच वस्ती धरते. टोपणाचे आटे कोणी घासत नाही.

तेव्हा घरात तांब्याचा जुना हंडा असेल तर तोच बाहेर काढा. नवंच घ्यायचं असेल तर स्टीलचं पिंप घ्या आणि दोन गोष्टी दुकानातच पाहा: हात तळापर्यंत पोहोचतो का, आणि नळ पान्याशिवाय काढता येतो का. वायसर जोडीनं घ्या. एक उन्हात वाळत असेल तेव्हा दुसरा नळात राहील.