शॉवरच्या जोरासाठी काय बदलावं: मोठा गॅस गिझर की स्टोरेज गिझर?

शॉवरची नुसती धार झाली आहे, डोक्यावरचा साबण निघेपर्यंत मान अवघडते, आता गिझरच बदलून टाकू असं वाटायला लागतं, तेव्हा दोन वाटा समोर येतात. एक, जास्त लिटरचा गॅस गिझर घ्यायचा आणि गरम पाणी हवं तितका वेळ सोडायचं. दुसरी, विजेवर टाकीभर पाणी तापवून ठेवणारा स्टोरेज गिझर ठेवायचा आणि पाण्याला पंपानं जोर द्यायचा. मी दोन्ही वाटांनी जाऊन आलो आहे. मिनिटाला १० लिटरच्या गॅस गिझरवर आम्ही दोन वर्षं काढली, आणि आता तीन वर्षं २५ लिटरच्या स्टोरेज गिझरवर आहोत. पहिला महिना सोडला तर पंप दोन्ही वेळी होता आणि तोच होता, त्यामुळे तुलना दोघांनाही न्याय देणारी आहे असं मला वाटतं. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण गॅस गिझरला मी वाईट म्हणणार नाही.

आधी एक गोष्ट. गिझर कुठलाही घ्या, तो पाण्याला जोर देत नाही. जोर येतो टाकीच्या उंचीतून, नाहीतर पंपातून. १० मीटर उंचीला साधारण १ बार (बार म्हणजे दाबाचं माप) असा हिशोब, म्हणजे टाकीचा तळ शॉवरच्या अडीच मीटर वर असेल तर पदरात पाव बार पडतो. आम्ही सगळ्यांत वरच्या मजल्यावर, टाकी थेट डोक्यावर, म्हणून खालच्या मजल्यांवर जसा शॉवर पडतो तसा आमच्याकडे पडायचा नाही. गिझरच्या हातात एवढंच असतं की तो आलेला जोर कमी खातो की जास्त. स्टोरेज गिझरमधून पाणी फारसं न अडखळता जातं. गॅस गिझरमध्ये ते बारीक नळीतून वळसे घेत जातं, वाटेत पाणी वाहतं आहे का ते ओळखणारा फ्लो सेन्सर असतो, आणि तिथे बराच जोर खर्ची पडतो. आधीच पाव बार, त्यात हा खर्च! आमचा पहिला महिना त्यातच गेला. नळ पूर्ण उघडला तरी गिझर कधी पेटायचा, कधी नुसताच टकटक करत राहायचा.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी एकदा बादली लावून बघा. शॉवरचं तोंड काढून ठेवायचं, खाली १० लिटरची बादली, आणि आधी फक्त गार, मग फक्त गरम पाणी सोडून बादली किती वेळात भरते ते मोजायचं. दोन्ही सारखीच मंद असतील तर उंची कमी पडते आहे आणि पंप लागणार. गार जोरात आणि गरम मंद असेल तर दोष गरम लाइनमध्ये आहे: गिझरखालचा अँगल कॉक अर्धवट उघडा असेल, जाळी तुंबली असेल, कॉइलमध्ये क्षार धरले असतील किंवा पाइप वर जाऊन खाली येतो त्या कमानीत हवा अडकली असेल. तिथे पंप लावून उपयोग नाही. आमच्या मिक्सरमागची, म्हणजे गार-गरम पाणी एकत्र करणाऱ्या नळामागची जाळी काढली तर तिच्यावर टाकीतली बारीक वाळू आणि क्षारांचे पांढरे खडे यांचा थर जमला होता, नखानं खरवडून काढावा लागला. तेवढ्यानं बादलीचा वेळ अडीच मिनिटांवरून दोनवर आला. पुरेसं नव्हतं, पण फुकटात मिळालं.

पंपाबद्दल थोडक्यात, कारण तो दोन्हीकडे सारखाच. तो टाकीच्या आउटलेटलाच बसला पाहिजे, म्हणजे गार आणि गरम दोन्ही लाइनींना सारखा जोर मिळतो. फक्त गरम लाइनवर पंप लावण्याचा सल्ला मलाही मिळाला होता. तसं केलं की मिक्सर उघडल्यावर जोरदार बाजूचं पाणी कमजोर बाजूच्या पाइपात घुसतं, आणि मग शॉवरला एकतर चटका बसतो नाहीतर गारठा. एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लावून पाणी उलटं जाणं थांबवता येतं, पण असमतोल राहतोच. पंपाला समांतर एक बायपास लाइन, तिच्यावर एनआरव्ही, एवढं प्लंबरकडून आवर्जून करून घ्या. वीज गेली तर पाणी निदान उताराने तरी येत राहतं. त्या वेळी स्टोरेज गिझरमधलं तापलेलं पाणी बारीक धारेनं का होईना मिळतं. गॅस गिझर बॅटरीवर पेटणारा असला तरी पंप बंद म्हणजे पुन्हा पाव बार, आणि पुन्हा ती टकटक.

आता गॅस गिझरचं चांगलं ते सांगतो. गरम पाणी संपत नाही, हे सुख मोठं आहे. पाहुणे आले, सकाळी पाच माणसं एकामागून एक अंघोळीला गेली, तरी शेवटच्यालाही पहिल्यासारखंच पाणी. थांबणं नाही, आधी बटण दाबून ठेवणं नाही. थंडीत, पंप लावल्यावर, तो शॉवर खरोखर उत्तम होता. १० लिटरचा आकडा मात्र बहुधा पाणी २५ अंशांनी तापवण्यासाठीचा असतो. नळाचं पाणी १२ अंशांवर आलं की १० लिटर मिनिटाला ३७ अंशांपर्यंतच पोचतं, मग धार थोडी कमी करावी लागते. ते मला चालत होतं. त्रास थंडीत नव्हताच.

त्रास सुरू झाला उन्हाळ्यात, आणि माझा निर्णय त्या एकाच त्रासानं केला. तो जरा नीट सांगतो, कारण माहितीपत्रकात तो कुठेच सापडत नाही.

गॅस गिझर पेटता राहायला त्यातून ठरावीक पाणी वाहत राहावं लागतं. आमच्या गिझरला ते मिनिटाला अडीच लिटरच्या आसपास लागायचं. उन्हाळ्यात टाकीतलं पाणीच २९ अंशांवर असतं आणि अंगाला हवं असतं फार तर ३८. ज्योत अगदी बारीक केली तरी गिझरमधून ५८-६० अंशांचं पाणी यायचं, म्हणून त्यात विसण भरपूर घालावं लागायचं. शॉवरला मिनिटाला ८ लिटर पाणी धरलं तर त्यात गरम पाण्याचा वाटा जेमतेम अडीच लिटर. म्हणजे बरोबर काठावर. मिक्सरचा दांडा केसभर गारकडे सरकवला की वाटा घसरतो आणि ज्योत विझते.

विझली तरी लगेच कळत नाही, ही खरी अडचण. गिझर सुरक्षिततेसाठी मागच्या उघड्या गॅलरीत होता, आणि ते योग्यच होतं. ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड बंद न्हाणीघरात जीव घेतो, त्याबाबत तडजोड नको. पण त्यामुळे शॉवरपर्यंत आठेक मीटर पाइप पडला आणि त्यात लिटरभर पाणी. ज्योत विझल्यावरही वीस-पंचवीस सेकंद शॉवरला गरम पाणी येतच राहतं, मग एकदम गार. तुम्ही दांडा गरमकडे फिरवता, तिकडे गिझर पुन्हा पेटतो, पण ते गरम पाणी यायला परत वेळ. तोवर तुम्ही दांडा आणखी फिरवलेला असतो, आणि येतं ते पोळणारं. कुणी स्वयंपाकघरातला नळ उघडला की हेच चक्र नव्यानं सुरू.

मी जुळवून घेतलं होतं. गार नळ पूर्ण बंद ठेवायचा, ज्योत सगळ्यांत कमी करायची आणि सगळंच पाणी गिझरमधून घ्यायचं, ही युक्ती चालते. पण मग सगळं पाणी त्या बारीक नळीतून जातं आणि ज्या जोरासाठी एवढा खटाटोप केला तोच हातचा जातो. माझ्या आईला हे काही जमेना. डोळ्यांत साबण असताना पाणी गार व्हायचं आणि ती चाचपडत दांडा शोधायची. एकदा चटका बसला आणि तिनं शॉवर सोडून बादली-तांब्या धरला. तिनं तक्रार केली नाही, बादली मात्र न्हाणीघरात कायमची आली. मी तिथेच ठरवलं.

ज्योत आपोआप कमी-जास्त करणारे, तापमान राखणारे गॅस गिझर आहेत आणि त्यांच्यात हा त्रास बराच कमी असू शकेल. काहींमध्ये उन्हाळा-हिवाळा अशी कळ असते, ती काही बर्नर बंद करते. गिझर न्हाणीघराच्या भिंतीपलीकडेच, मीटर-दोन मीटरवर असेल तर पाइपातला उशीरही नगण्य. तुमच्याकडे बारा महिने पाणी गार येत असेल आणि घरात माणसं जास्त असतील, तर माझा अनुभव बाजूला ठेवून गॅसकडेच बघा असं मी म्हणेन. विजेच्या ३ किलोवॅटच्या इन्स्टंट गिझरचा मात्र शॉवरसाठी विचार करू नका. २० अंशांनी तापवायचं तर तो मिनिटाला दोन लिटरच्या जरासा वर देतो, त्यात शॉवर होत नाही. सोलरची टाकी हवेकडे उघडी असलेली असेल तर तिला पंपाचा दाब सोसत नाही, तिथे वेगळाच मार्ग काढावा लागतो.

स्टोरेज गिझरवर आल्यावर पहिल्या आठवड्यात जाणवलं ते हे, की मिक्सरचा दांडा आता एका जागी राहतो. टाकीत ६० अंशांचं पाणी तयार आहे. त्यातलं मिनिटाला एक लिटर घ्या नाहीतर सहा, ते तापलेलंच येणार, विझण्यासारखं काही नाही. गार आणि गरमला जोर सारखा. कुणी दुसरीकडे नळ उघडला तर शॉवर किंचित मंदावतो, पण दोन्ही बाजू मिळून मंदावतात, म्हणून ऊब तीच राहते. आईची बादली आता कपड्यांसाठी गेली.

त्याची किंमतही सांगायला हवी. जोर वाढला की साठा लवकर संपतो, हे गणित कुणालाच चुकत नाही. ६० अंशांचं २५ लिटर पाणी, वरून २० अंशांचं विसण, तर ४० अंशांचं ५० लिटर कागदावर होतं. प्रत्यक्षात आत येणारं गार पाणी मिसळत जातं, म्हणून मला चाळीसच्या आसपास मिळतं असं वाटतं. मोठ्या थाळीसारखा शॉवर लावला तर पाच मिनिटांत खेळ आटोपतो. आम्ही तो काढून लहान, दाट भोकांचा लावला. तो मिनिटाला सहा-सात लिटरच घेतो, पण पाणी अंगावर टोचतं इतका जोर आहे. पंपासोबत लहान तोंडच शोभतं. रिकामी टाकी पुन्हा तापायला २ किलोवॅटवर ३५ मिनिटं लागतात. चारपेक्षा जास्त माणसं असतील तर २५ लिटरवर भागेल असं मला वाटत नाही.

आणखी दोन गोष्टी. पंप लावणार असाल तर गिझर ८ बारपर्यंत दाब सोसणारा आहे ना ते पाटीवर वाचून घ्या. उघड्या तोंडाचे जुने गिझर पंपावर लावायचे नसतात. आणि तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकू लागलं तर घाबरू नका. २० वरून ६० अंशांवर जाताना पाणी दीड टक्क्यानं फुगतं, २५ लिटरला ते जवळजवळ ३७५ मिलिलिटर होतं, आणि मागे एनआरव्ही असल्यामुळे त्याला बाहेर पडायला तीच एक वाट असते. आमच्याकडे एका कारागिरानं ठिबकणं बंद करायला तिथे बूच मारायची तयारी दाखवली होती. तसं कधीही करू देऊ नका. एक बारीक नळी जोडून ते पाणी मोरीत सोडा.

मुलगी रविवारी केस धुते तेव्हा ती सगळ्यांत शेवटी जाते, आणि तिच्या आधीचा अर्धा तास कुणी गरम नळ उघडायचा नाही, असं आता घरात ठरलं आहे. गॅस गिझरवर हे बघावं लागत नव्हतं.