पावसाचा दिवस साडेआठला उजाडतो: सेन्सरच्या डेटासाठी कोणती क्वेरी भाषा?

समजा टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या पुण्याजवळच्या धरणांच्या पाणलोटात तीस पर्जन्यमापकं बसवायची आहेत. डेटा लोरावॅनने (कमी विजेवर लांब पोचणारं रेडिओ नेटवर्क) गेटवेवर, म्हणजे तो गोळा करणाऱ्या केंद्रावर, तिथून काफ्कात, म्हणजे नोंदींचा प्रवाह साठवून पुढे देणाऱ्या प्रणालीत. क्वेरी कशात लिहायची?

टायनीडीबी आधी बाजूला काढू. बर्कलीच्या या प्रणालीत क्वेरी नोडवरच, म्हणजे सेन्सरच्या यंत्रावरच चालते. सरासरी काढताना प्रत्येक नोड खालच्यांची बेरीज आणि संख्या आपल्यात मिळवून एकच पाकीट वर पाठवतो, म्हणून बॅटरी टिकते. पण लोरावॅनमध्ये नोड एकमेकांची पाकिटं पुढे नेतच नाहीत, सरळ गेटवेशी बोलतात. मग वाटेत बेरीज करणार कोण? स्टॅनफर्डची सीक्यूएल ही भाषा विंडोची, म्हणजे न थांबणाऱ्या प्रवाहाचे वेळेनुसार तुकडे पाडायची कल्पना समजून घ्यायला उत्तम, तेवढंच.

उरल्या फ्लिंक एसक्यूएल आणि केएसक्यूएलडीबी, दोन्ही काफ्कातल्या वाहत्या डेटावर एसक्यूएल चालवणाऱ्या. इथे खरी मेख दिवसाची आहे. हवामान खातं 24 तासांचा पाऊस सकाळी 8.30 ते 8.30 असा मोजतं. केएसक्यूएलडीबीची एक दिवसाची विंडो मात्र यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे 5.30 ला उघडते. त्यावर तोड अशी: विंडो एक तासाची ठेवा. आपल्या घड्याळात ती दर साडेला पडते, त्यामुळे 8.30 पासूनच्या 24 विंडो जोडल्या की हिशोब जुळतो. फ्लिंकच्या टंबलला (ठरावीक लांबीच्या विंडो पाडणारं फंक्शन) चौथा आर्ग्युमेंट ऑफसेटचा, म्हणजे विंडोची सुरुवात किती सरकवायची याचा असतो. वेळेचा कॉलम भारतीय वेळेत असेल तर साडेआठ तास द्या, यूटीसीत असेल तर तीन.

दुसरं दुखणं दोघींनाही आहे. टिपिंग बकेट, म्हणजे पर्जन्यमापकातली भरली की कलंडणारी छोटी बादली, फक्त पाऊस पडताना टिक देते. पाऊस थांबला की नोंदी थांबतात, वेळ पुढे सरकत नाही आणि शेवटची विंडो उघडीच राहते. प्रत्येक यंत्राला दर 15 मिनिटांनी शून्याची का होईना, नोंद पाठवायला लावा.

केएसक्यूएलडीबीत ‘एमिट चेंजेस’वर, म्हणजे प्रत्येक बदल लगेच बाहेर देणाऱ्या क्वेरीवर इशारा लावू नका, विंडो बंद होण्याआधीच तोच आकडा बदलत पुन्हापुन्हा येतो. धरणाचा विसर्ग आणि पाऊस असे दोन प्रवाह वेळेनुसार जोडायचे असतील तर आमची पसंती फ्लिंकला. नुसती रोजची बेरीज हवी असेल तर दोन्ही सोडा. दर 15 मिनिटांच्या हिशोबाने तीस यंत्रांच्या दिवसाला 2,880 नोंदी होतात. साधा पोस्टग्रेस डेटाबेस आणि ठरल्या वेळी काम चालवणारं क्रॉन पुरतं.

फ्लिंक घेतलंत तर यंत्रांची घड्याळं तपासा. सगळा डेटा काफ्काच्या एकाच पार्टिशनमध्ये (प्रवाहाच्या एकाच भागात) असेल, तर एकाचं तासभर पुढे असलं की वॉटरमार्क, म्हणजे ‘इथपर्यंतच्या नोंदी आल्या’ असं मानायची खूण, उडी मारतो आणि बाकी यंत्रांच्या नोंदी उशिराच्या ठरून गुपचूप गळतात. क्वेरीतल्या ‘व्हेअर’ या गाळणीच्या अटीने हे सावरत नाही, वॉटरमार्क तोवर सरकलेला असतो. भविष्यातली वेळ गेटवेवरच अडवा.