मिस्टरी बॉक्स घेताना आधी हिंटची पानं बघा

दर महिन्याला घरी येणारे तीन मिस्टरी बॉक्स आम्ही वर्षभर चालवले. आता एकच चालू आहे, तोही महिन्याआड. 'कुठला घेऊ?' असं सोसायटीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांना ही भानगडच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खोक्यात एक गोष्ट येते. कोणाचा तरी खून झालेला असतो किंवा कोणीतरी गायब असतं. सोबत पोलिसांचा अहवाल, जबान्या, पत्रं, वर्तमानपत्राची कात्रणं, एखादी किल्ली, छोटं कुलूप, फोटो. यातली कोडी सोडवत गुन्हेगारापर्यंत पोचायचं. कल्पना जुनीच आहे. 1936 साली इंग्लंडमध्ये खुनाची अख्खी फाइलच पुस्तक म्हणून विकायला आली होती, आत पाकिटांत केस आणि जळकी काडी पुरावा म्हणून घातलेली. आताच्या कंपन्यांनी त्याला मासिक वर्गणीची जोड दिली, एवढंच.

साचे मुख्यतः दोन. एका साच्यात एकच गोष्ट अनेक महिने चालते. 2016 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या हंट अ किलर या कंपनीने सहा बॉक्सचा एक सीझन ही पद्धत लोकप्रिय केली. दुसऱ्यात दर महिन्याला नवी गोष्ट सुरू होते आणि त्याच बॉक्समध्ये संपते. डेडबोल्ट मिस्टरी सोसायटी या कंपनीचं काम तसं आहे. फाइंडर्स सीकर्स दर महिन्याला एकेक नवं शहर घेतं. आमच्याकडे एक परदेशी मालिकावाला, एक परदेशी एका-बॉक्सात-संपणारा आणि एक भारतीय, असे तीन होते. आमच्या तिन्ही बॉक्सची नावं मुद्दाम देत नाही. एकाच कंपनीचा एका महिन्याचा बॉक्स झकास आणि पुढच्या महिन्याचा रद्दी, असं इतक्यांदा झालं की नावावरून तुम्हाला काहीच कळणार नाही.

आधी पैशांचं बोलू. परदेशी बॉक्सची छापील किंमत साधारण 30 डॉलर दिसते आणि माणूस मनातल्या मनात हिशेब करून खूश होतो. त्यात कुरिअर, सीमाशुल्क, आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आणि कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क धरा. ठाण्यात घोडबंदर रोडच्या आमच्या गेटपर्यंत येईस्तोवर रक्कम जवळजवळ दुप्पट होते. पोस्टाने मागवलं तर पार्सल बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनातून तपासून येतं, त्यामुळे 'महिन्याचा' बॉक्स त्याच महिन्यात येईल अशी आशा ठेवू नका. 'अमेरिकेतल्या मावसभावाला गिफ्ट म्हणून पाठवायला सांग, ड्यूटी लागत नाही' हा सल्लाही हमखास मिळतो. तो विसरा. ड्यूटी न भरता भेटवस्तू म्हणून माल मागवायची वाट डिसेंबर 2019 मध्ये बंद झाली. त्यातून वगळल्या त्या जीवरक्षक औषधं आणि राख्या. मावसभाऊ दिवाळीला येताना बॅगेत घालून घेऊन आला तर उत्तम, आमचे दोन बॉक्स तसेच आले.

भारतीय बॉक्स पंधराशे ते अठराशेच्या दरम्यान पडला. चार जणांनी घाणेकर नाट्यगृहात नाटक बघायला जाऊन मध्यंतरात वडे-कॉफी घेतली तर तेवढेच होतात. मला हा हिशेब बरोबर वाटतो: एका संध्याकाळचे, एका माणसामागे किती? नुसती खोक्याची किंमत धरू नका आणि आत वस्तू किती हे तर अजिबात मोजू नका.

वस्तूंचंच घ्या. परदेशी एक-बॉक्सवाल्यात दर महिन्याला एखादी दिखाऊ वस्तू असायची. एकदा छान वजनदार तीन आकडी कुलूप आलं. घरात सगळे हरखले. पण तीन आकडी कुलूप म्हणजे 000 ते 999, एकूण 1000 शक्यता. चिरंजीव नववीत आहेत. आम्ही पत्रं वाचत बसलो आणि हा मोबाइल बघता बघता एका हाताने आकडे फिरवत राहिला. पाऊण तासात उघडलं. कोडं सोडवायची गरजच पडली नाही. त्या कुलपाचे पैसे आपण भरलेले असतात, आणि ज्याचे भरायला हवेत, म्हणजे कोडी नीट तपासून घेणाऱ्या माणसाचे, त्यात कंपनीने काटकसर केलेली असते. ते कुलूप आता सासूबाईंच्या लोणच्याच्या कपाटाला आहे, चांगलं चालतंय.

याच्या उलट, भारतीय बॉक्सातलं एक कोडं. तो बॉक्स आता मिळत नाही, त्यामुळे सांगायला हरकत नाही. एका बेकरीचं बिल आणि एका वकिलाचं पत्र, दोन्ही साधे कागद. दोन्हींच्या कोपऱ्यात स्टेपलरची दोन-दोन भोकं होती, पण पिन नव्हती. आम्ही तासभर बिलातल्या खारी-नानकटाईच्या किमतींची बेरीज-वजाबाकी करत होतो. शेवटी नवरा म्हणाला, "हे दोन कागद कधीतरी एकत्र टाचलेले असणार." भोकांवर भोकं जुळवून उजेडाला धरलं तर बिलातल्या रेघा पत्रातल्या काही अक्षरांच्या बरोबर खाली आल्या. नाव मिळालं! दोन कागद, खर्च रुपयाच्या आत. वर्षभरात एवढी मजा दुसऱ्या कशाने आली नाही.

आता मुद्द्याचं. बॉक्सची पारख करायची तर त्याच्या हिंटची पानं बघा. बहुतेक कंपन्यांच्या हिंट साइटवर असतात आणि जुन्या बॉक्सच्या हिंट पैसे न भरताही वाचता येतात. चांगल्या बॉक्सच्या हिंट पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात. पहिली सांगते कुठला कागद हातात घ्या, दुसरी त्या कागदात काय खटकतंय ते दाखवते, तिसरी रीत सांगते आणि मगच उत्तर. म्हणजे लिहिणाऱ्याने अनोळखी माणसांना ते कोडं सोडवायला बसवलंय आणि ती कुठे अडतात हे बघितलंय. वाईट बॉक्सच्या हिंटमध्ये पहिली ओळ 'नीट निरखून बघा' आणि दुसरी थेट '4719'. हे 4719 कुठून आलं, विचारू नका. अशा वेळी बहुधा लिहिणाऱ्यालाही ते धड सांगता येत नसतं. परदेशी मालिकेचे पहिले दोन भाग सुंदर होते, तिसऱ्यापासून हिंट आखूड होत गेल्या आणि त्याबरोबर कोडीही ओढूनताणून आणल्यासारखी झाली. पुढच्या भागांच्या हिंट आधी चाळल्या असत्या तर दिसलंच असतं.

परदेशी बॉक्समध्ये आणखी एक कटकट आहे, आणि तिची कल्पना कुठेच दिलेली नसते. कोडी अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. तारीख महिना-दिवस अशी. 03/11 हे आपण 3 नोव्हेंबर वाचतो, त्यांची ती 11 मार्च. एका भागात संशयिताचा त्या दिवशीचा ठावठिकाणाच यावर ठरत होता. सासूबाई मराठी शब्दकोडं रोज सोडवतात, इंग्रजी पत्रांच्या वाटेला जात नाहीत, पण कॅलेंडर त्यांच्या हातात होतं. त्या म्हणाल्या, "अगं, पत्रात बर्फ पडतोय असं तूच वाचलंस आणि दुसऱ्या कागदावर 04/25 लिहिलंय. पंचविसावा महिना असतो का कुठे? उलटं वाच की." बेसबॉलचे गुण, त्यांची नाणी, त्यांचे पिनकोड यावरची कोडी मात्र गूगलशिवाय सुटत नाहीत, आणि गूगल उघडलं की संध्याकाळची रया जाते.

कागदाचा आकार हा तर वेगळाच ताप. एका बॉक्सात भोकांचं झाकणपान नव्हतंच. ते पत्रावर ठेवायचं आणि भोकांतून दिसणारी अक्षरं वाचायची. ईमेल केल्यावर कंपनीने पीडीएफ पाठवली, तक्रार नाही. नौपाड्यातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली, ब्लेडने भोकं कापली, ठेवली तर सगळं वेडंवाकडं. अर्थ लागेल असा एक शब्द नाही. अमेरिकेतला लेटर कागद 216 बाय 279 मिलिमीटर, आपला ए-फोर 210 बाय 297. लेटर रुंदीला जास्त असल्यामुळे दुकानातला प्रिंटर 'फिट टू पेज'वर पान तीनेक टक्क्यांनी आकसून छापतो आणि खाली जाता जाता भोकं सरकत जातात. 'ॲक्च्युअल साइज' म्हणून ठणकावून सांगा. कडेचं काही कापलं गेलं तरी चालेल, भोकं जागेवर येतील. असल्याच छोट्या तरतुदी: लपलेली अक्षरं वाचायची लाल काच हरवली तर जांभळी नाक्यावर सजावटीच्या दुकानात लाल जिलेटिन कागद मिळतो, काम तेच. अदृश्य शाईसाठी नोटा तपासायची निळी टॉर्च पुरते, बॉक्सबरोबरची चिमुकली टॉर्च दोन महिन्यांत मान टाकते.

ठाण्याचा पावसाळा या छंदाला मानवत नाही, हेही सांगून ठेवते. जुलैमध्ये आलेल्या बॉक्सातली सीलबंद पाकिटं आतल्या आत चिकटलेली होती. 'यजमानाने सांगितल्याशिवाय उघडू नका' असं लिहिलेलं पाकीट वाफ न देताच आपोआप उघडं आणि जे बंद असायला नको ते चिकटलेलं! कुरिअरवाला खोकं गेटवर ठेवून जातो, वॉचमन काकांनी ते टेबलाखाली सरकवलं तर नशीब. जून ते सप्टेंबर वर्गणी थांबवायची सोय असेल तर जरूर थांबवा.

पैसे कापण्याच्या पद्धतीकडे लक्ष द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे जायचे असतील तर आपल्या परवानगीने ई-मॅन्डेट नोंदवावं लागतं. कपातीच्या किमान 24 तास आधी बँकेने कळवायचं असतं. हे नियम ऑक्टोबर 2021 पासून आहेत आणि ग्राहकाच्या दृष्टीने चांगलेच आहेत. पण परदेशी साइटने तशी सोय केलेली नसेल तर पैसे जातच नाहीत. मालिकेचा चौथा भाग आमच्याकडे आलाच नाही, कारण पेमेंट नाकारलं गेलं आणि कंपनीने ते एका ओळीच्या ईमेलने कळवलं, तो ईमेल स्पॅममध्ये. पाचवा भाग हातात आणि चौथा नाही, म्हणजे खुनी कोण हे माहीत पण मेलं कोण हे नाही, अशी गत. तेव्हा मालिका घ्यायची तर महिन्यामहिन्याने घेऊच नका. पूर्ण सीझन एकदम घ्या. तेही शक्यतो वापरलेला, बघून घेतलेला.

वापरलेला घेताना दोन गोष्टी तपासा. एक, कागद कापायचे, फाडायचे, दुमडायचे आहेत का. एक्झिट या जर्मन खेळाला 2017 मध्ये केनरश्पील देस यारेस हा मानाचा पुरस्कार मिळाला, पण त्यात पानं कापायला लागतात, एकदा खेळलं की रद्दीत. आमच्या भारतीय बॉक्समध्ये काहीही फाडावं लागत नाही, यादीप्रमाणे पुन्हा पाकिटांत भरलं की नवा. दुसरी, कोडं एखाद्या वेबसाइटवर किंवा फोन नंबरवर अवलंबून आहे का. ऐरोलीच्या जाऊबाईंनी कुठून तरी स्वस्तात एक जुना संच आणला. त्यातल्या खोट्या हॉटेलची वेबसाइट कधीच बंद पडलेली. निम्मी गोष्ट त्या साइटवर होती. पैसे गेलेच.

आणि वर्गणीच कशाला, असाही प्रश्न आहे. शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह हा खेळ 1981 चा, 1985 मध्ये त्याला जर्मनीचा श्पील देस यारेस हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. लंडनचा नकाशा, पत्त्यांची सूची, वर्तमानपत्रं आणि दहा प्रकरणं. ना कुलूप, ना किल्ली. बरंच वाचावं लागतं आणि इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, त्यामुळे नववीतल्या मुलाला जड जातं. पण दहा संध्याकाळी भागतात आणि पुढे कोणाला देताही येतो. आमच्या घरात मोठ्यांसाठी आता हाच चालतो.

मग चालू काय ठेवलं? भारतीय बॉक्स. छपाई परदेशी बॉक्सच्या जवळपासही नाही, फोटो धुरकट, एका जबानीत संशयिताचं आडनावच बदललेलं. पण तारखा आपल्या, बिलं आपली, लोकलचं वेळापत्रक वाचता येतं आणि सासूबाई मध्ये बोलू शकतात. चार जण दोन-अडीच तास टेबलावर टिकतात. आमच्यानंतर तो ऐरोलीला जातो, तिथून परत आला की तिसऱ्या मजल्यावर. तीन घरांत वाटला की माणशी खर्च मिसळीच्या प्लेटपेक्षा कमी. फक्त एक करार केलाय, उत्तराचं पाकीट नेहमी शेवटच्या घरी पाठवायचं, कारण आमच्या दिरांना धीर नाही.

परदेशी एक-बॉक्सवाला बंद करताना मात्र दमछाक झाली. 'रद्द करा' हे बटण तीन पानं आत, प्रत्येक पानावर 'खरंच का?' आणि शेवटी 'ग्राहक सेवेला लिहा'. भारतात याला आता नाव आहे. 30 नोव्हेंबर 2023 च्या डार्क पॅटर्नविरोधी (म्हणजे साइटवर ग्राहकाला फसवायच्या युक्त्यांविरुद्धच्या) मार्गदर्शक तत्त्वांमध्ये जे 13 प्रकार दिलेत त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' हा एक. भारतीय कंपनीने असं केलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. परदेशी साइटशी भांडत बसण्यापेक्षा बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहारच बंद करून टाका. दोन मिनिटांचं काम आहे, आम्ही तेच केलं.