कार्ड स्कॅनर ॲप: चित्र ओळखतं, फॉइल ओळखत नाही (बरेच महिने वापरल्यानंतर)

पुढच्या वर्षाची वर्गणी भरायची नाही हे ठरलंय. कारण नीट सांगायला हवं, म्हणून लांबलचक लिहितेय. पोकेमॉन, मॅजिक, यू-गी-ओ अशा खेळांची जमवायची कार्डं फोनच्या कॅमेऱ्याने ओळखून त्यांचा भाव सांगणारं हे ॲप. नाव देत नाही, कारण याच प्रकारची आणखी दोन ॲप्स वापरून पाहिली आणि दुखणं तेच निघालं. स्कॅन कसं करायचं, यादी कशी बनते वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

तक्रार एकच आहे. कार्ड फॉइल (चमकीचा थर असलेलं) आहे की साधं, हे या ॲपला कळत नाही. आणि आपण कार्ड स्कॅन करतो ते बहुतेक वेळा ते चमकतंय म्हणूनच!

कॅमेरा चित्र पाहतो, नाव आणि क्रमांक वाचतो आणि किंमत दाखवतो. पण पोकेमॉनमध्ये एकाच क्रमांकाचं कार्ड साधंही असतं आणि रिव्हर्स होलोही असतं, किंवा होलो आणि रिव्हर्स होलो अशी जोडी असते. होलो म्हणजे पोकेमॉनमधलं फॉइलच. त्याची चकाकी चित्राच्या चौकटीत असते, तर रिव्हर्समध्ये चित्र सोडून बाकीच्या भागावर. ॲप यातली एक आवृत्ती परस्पर धरून चालायचं आणि कोणती धरली ते बारीक अक्षरात कुठेतरी लिहायचं. २००२ च्या लेजंडरी कलेक्शन या सेटमध्ये (म्हणजे एकत्र काढलेल्या कार्डांच्या संचात) इंग्रजी पोकेमॉन कार्डांत पहिल्यांदा रिव्हर्स होलो आले. त्यातल्या अगदी कॉमन, म्हणजे सहज मिळणाऱ्या कार्डाची रिव्हर्स आवृत्तीसुद्धा साध्या आवृत्तीपेक्षा कितीतरी महाग जाते. असं कार्ड हातात असलेल्या माणसाला ॲप साध्याचा भाव दाखवायचं, आणि तो बिचारा त्याच भावाला देऊन टाकायचा.

ग्राहकसेवेला लिहिलं. उत्तर आलं: प्रकाश चांगला ठेवा, लेन्स पुसा, कार्ड स्लीव्हमधून (प्लास्टिकच्या आवरणातून) काढा. फॉइलवर थेट प्रकाश पडला की तो भाग पांढरा होतो आणि क्रमांकही वाचता येत नाही, हे त्यांना सांगावं लागलं. फोटोंसकट पुन्हा लिहिलं. मग उत्तर आलं की फॉइलची निवड वापरणाऱ्याने स्वतः करायची आहे. वर्गणीचे उरलेले पैसे परत मागितले, तर नियमात बसत नाही. फॉइल कोणतं हे मलाच ओळखायचं असेल, तर पैसे मी कशाचे भरतेय? क्रमांक वाचून शोध घ्यायला तर काहीच पडत नाही.

मॅजिक: द गॅदरिंगच्या बाबतीत तर याला काही सबबच नाही. २०१४ मध्ये आलेल्या मॅजिक २०१५ सेटपासून कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात सेटचा संकेत आणि भाषेचा संकेत छापतात. त्या दोहोंच्या मधे ठिपका असेल तर कार्ड साधं आणि तारा असेल तर फॉइल. कार्ड ज्याने छापलं त्यानेच उत्तर लिहून ठेवलंय. ॲप सेटचा संकेत याच ओळीतून वाचतं आणि शेजारचा तारा सोडून देतं. मी हे प्रत्येक पत्रात लिहिलं, एका पत्रात त्या कोपऱ्याचा मोठा केलेला फोटो जोडला. त्या मुद्द्याला आजवर एका अक्षराचं उत्तर नाही. माझ्या लेखी पूर्ण ॲपची किंमत या एका ताऱ्यावर ठरते.

मधल्या काळात मात्र एक मोठं अपडेट आलं आणि माझं मत थोडं बदललं, तेही सांगायला हवं. आता स्कॅननंतर 'फॉइल की साधं' असं ठळक विचारतात. पूर्वी विक्रेत्यांनी लावलेल्या किमती दाखवत होते, आता प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या दाखवतात. ही सुधारणा खरोखर महत्त्वाची आहे. मागायला कोणी काहीही मागेल, कार्डाचं मोल कोणीतरी मोजलेल्या पैशांवरूनच कळतं. हेच काम ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावून फुकट होतं, पण ढीगभर कार्डं असतील तर ॲपमध्ये वेळ वाचतो. यादी आणि मोजदादीसाठी ते उत्तमच आहे, त्यात वाद नाही.

पण 'फॉइल की साधं' एवढ्यावर भागत नाही. यू-गी-ओमध्ये दुर्मीळतेच्या पायऱ्या आहेत. सुपर रेअरचं चित्र चमकतं आणि नाव साधं असतं. अल्ट्रा रेअरचं नाव सोनेरी, सीक्रेट रेअरचं नाव इंद्रधनुषी झाक मारतं. स्टारलाइट रेअरवर तर त्याच सेटमधल्या नेहमीच्या आवृत्तीचाच क्रमांक असतो. तिथे ॲप पुन्हा आंधळं. पोकेमॉनच्या १९९९ च्या बेस सेटचंही तसंच. चित्राच्या चौकटीला उजवीकडे सावली नसेल आणि खालच्या कॉपीराइटच्या ओळीत १९९५, ९६, ९८ नंतर ९९ सुद्धा असेल, तर ती सुरुवातीची छपाई. त्यात चित्राखाली डावीकडे 'पहिली आवृत्ती'चा शिक्का असेल तर भाव आणखी वेगळा. ॲप हे सगळं एकाच खात्यात टाकतं.

नव्यांसाठी एक गोष्ट जोर देऊन सांगते, कारण ॲपमुळे उलटाच समज होतो. चमकतंय म्हणजे महाग, असं आता राहिलेलं नाही. बेस सेटच्या १०२ कार्डांत होलो १६ होते. २०२३ च्या स्कार्लेट अँड व्हायोलेट मालिकेपासून प्रत्येक पाकिटात किमान तीन चमकणारी कार्डं येतात, आणि त्यातली बहुतेक कोणी विकतही घेत नाही. त्यामुळे आधी पोकेमॉन कार्डाच्या खालच्या उजव्या किंवा डाव्या कोपऱ्यातलं दुर्मीळतेचं चिन्ह आणि क्रमांक बघा. क्रमांक सेटच्या एकूण आकड्याच्या पुढे गेला असेल, तर ते सीक्रेट रेअर. तिथे थांबून नीट शोध घ्यावा.

आता ज्या वस्तूने मनापासून आनंद दिला तिच्याबद्दल. जवाहिरे वापरतात ते छोटं भिंग, तीस पट मोठं दाखवणारं. वर्गणीच्या मानाने त्याची किंमत नगण्य, आणि ते एकदाच घ्यायचं. मॅजिक कार्डाच्या मागे पाच रंगांचे गोळे आहेत. त्यातल्या हिरव्या गोळ्यात भिंगाखाली चार लाल ठिपके दिसतात, इंग्रजी एल अक्षराच्या आकारात. बनावट कार्डात ते सहसा विस्कटलेले असतात किंवा नसतातच. खऱ्या कार्डावरची काळी अक्षरं सलग शाईची दिसतात, नकलीत ती ठिपक्यांची बनलेली असतात. पोकेमॉनच्या नव्या पूर्णचित्र कार्डांवर बोटाच्या ठशासारख्या बारीक रेघा उठलेल्या असतात. नकली कार्ड तिथे गुळगुळीत असतं, आणि बऱ्याचदा त्याची चकाकी कडेपर्यंत सगळीकडे सारखीच पसरलेली असते. यातलं काहीही ॲप तपासत नाही. बनावट कार्डालाही ते खुशाल अस्सलचा भाव लावतं.

कार्डाची अवस्था ॲप विचारतच नाही, दाखवलेला भाव जवळपास नव्या कार्डाचा असतो. फॉइलवरचे ओरखडे समोरून दिसत नाहीत. दिव्याखाली कार्ड हळूहळू कलतं करा, मग दिसतात. मागच्या कडा पांढुरक्या झाल्यात का, तेही बघा. शिवाय फॉइल वाकतं. कागद हवेतला दमटपणा शोषून फुगतो, चमकीचा थर फुगत नाही, म्हणून कार्डाची कमान होते. ग्रेडिंगला (फी घेऊन कार्डाची अवस्था तपासून १० पैकी गुण देणाऱ्या कंपनीकडे) पाठवण्याआधी साध्या आणि ग्रेड झालेल्या कार्डाच्या विक्रीतला फरक बघा, आणि तोही १० चा नाही, ८-९ चा धरून. फीच्या वर काही उरत नसेल तर पाठवू नका.

ज्यांच्याकडे खोकी भरून कार्डं आहेत आणि फक्त मोजदाद हवी आहे, त्यांनी एक महिन्याची वर्गणी घ्यावी, सगळं स्कॅन करावं, यादी उतरवून घ्यावी आणि वर्गणी बंद करावी. स्वयंचलित नूतनीकरणाचं बटण सेटिंगमध्ये नाही, फोनच्या स्टोअरमधल्या वर्गण्यांच्या पानावर आहे. तिथूनच बंद करा.