चेंगडू की शियान? चार दिवसांचा हिशोब

सुट्टी चारच दिवसांची, गाइड घ्यायचं ठरलेलं, आणि बीजिंग-शांघायची दगदग नको. अशा वेळी गाडी बहुधा दोन नावांवर येऊन अडते: सिच्वान प्रांतातलं चेंगडू आणि उत्तरेकडचं शियान. खाणं, प्राणी आणि संस्कृती हे तिन्ही एकाच सहलीत हवं असेल तर माझं मत चेंगडूला. मात्र इतिहासासाठीच जाणार असाल तर शियानपुढे चेंगडू फिकं पडतं.

आधी खाण्याचं बघू. चेंगडूच्या जेवणात मिरचीइतकाच मान जिभेला मुंग्या आणणाऱ्या ह्वाजियाओला. कोकणातलं तिरफळ हे याचंच भावंड, एकाच वनस्पतिकुळातलं. त्यामुळे तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी खाऊन वाढलेल्यांना हा झणका अगदीच परका वाटणार नाही. तिथल्या हॉटपॉटवरचा, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्शात भाज्या-मांस शिजवून खायच्या पदार्थावरचा, लाल तवंग मिसळीच्या तर्रीची आठवण करून देतो. पण फसू नका, तो बहुतेकदा गाईबैलांच्या चरबीचा असतो. चालत नसेल तर वनस्पती तेलातला रस्सा हवा, असं गाइडला बसण्याआधीच सांगून ठेवा. मापो टोफू या सोयाबीनच्या पनीरच्या तिखट पदार्थातही खिमा असतो. शाकाहाऱ्यांनी वेन्शू मठातलं जेवण गाठावं.

शियान गव्हाचं गाव. तिथल्या पाओमोत जाड रोटी आपणच वाडग्यात कुस्करायची, मग स्वयंपाकघरातून तिच्यावर मटणाचा रस्सा येतो. रश्शात भाकरी कुस्करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पट्ट्यासारख्या रुंद ब्यांगब्यांग नूडल्स आणि थंडगार ल्यांगपी नूडल्सही खाण्यासारख्या. तरी वैविध्यात चेंगडू पुढेच. 2010मध्ये युनेस्कोनं त्याला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून निवडलं, ते उगाच नव्हे.

प्राण्यांच्या बाबतीत सामना एकतर्फी आहे. चेंगडूचं पांडा प्रजनन केंद्र 1987मध्ये, वाचवलेल्या सहा पांडांवर सुरू झालं आणि ते शहरालगतच आहे. दार उघडताच आत शिरा. पांडा सकाळीच बांबू फोडत बसलेले दिसतात, ऊन चढलं की आत जाऊन लोळतात. सहलीच्या कार्यक्रमात पांडा दुपारी टाकले असतील तर तो कार्यक्रम बदलून घ्या. हे अर्थात कुंपणातलं दर्शन, जंगलातलं नव्हे. शियानजवळच्या छिन्लिंग डोंगरांत सोनेरी माकडं आणि टाकिन हे रानबोकडासारखे दांडगे प्राणी आहेत. शिवाय 1981मध्ये जेमतेम सात उरलेले कलगीवाले आयबिस पक्षी सापडले ते याच पट्ट्यात. पण चार दिवसांत शहर सांभाळून ते डोंगर होत नाहीत.

संस्कृतीत पारडं फिरतं. शियानबाहेर 1974मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक लागले. आज त्यांची संख्या सुमारे 8000 मानतात. गाइडचे पैसे इथे खरे वसूल होतात, नाहीतर नुसत्या रांगाच दिसतात. जवळपास 14 किलोमीटरच्या तटबंदीवर भाड्याच्या सायकलनं फिरता येतं. आणि 652 सालचा तो पॅगोडा चुकवू नका: भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी तो बांधवून घेतला ह्युएन त्संगनं. पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही सोडत नाहीत, असं लिहून ठेवणारा तोच.

चेंगडूची संस्कृती बसून अनुभवायची. पीपल्स पार्कमधलं चहाघर, शेजारी माहजोंग या सोंगट्यांच्या खेळाचा खडखडाट, कान कोरून देणारे कारागीर, संध्याकाळी क्षणात मुखवटे बदलणारे सिच्वान ऑपेराचे नट. एक दिवस कड्यात कोरलेल्या 71 मीटर उंच लेशान बुद्धाला द्या. इसवी सनापूर्वी 256च्या सुमाराचे, अजून शेतीला पाणी देणारे तुच्यांगयानचे बंधारेही पाहण्याजोगे आहेत, पण चार दिवसांत दोन्ही कोंबू नका.

दोन्हीकडे तिकिटांची आगाऊ नोंदणी पासपोर्टवर होते आणि पैसे मोबाईलवरून चुकवले जातात. त्यासाठी तिथे अलीपे हे अ‍ॅप चालतं. आणि सुट्टी सहा दिवसांपर्यंत ताणता आली तर हा वादच मिटतो: 2017च्या डिसेंबरपासून दोन्ही शहरांमध्ये जलद रेल्वे धावते, प्रवास चारेक तासांचा. उतरा चेंगडूला, परतीचं विमान शियानहून घ्या.