थंब स्पायका: अंगठ्यामागच्या दुखण्यावरचे पट्टे, कामाचे आणि बिनकामाचे

केमिस्टकडे जाऊन “अंगठा दुखतोय, पट्टा द्या” म्हटलं की काउंटरवर बहुधा इलॅस्टिकचा गुंडाळायचा पट्टा येतो. अंगठ्यासाठी एक फास, बाकी सगळं मनगटाभोवती. स्वस्त, कुठल्याही हाताला बसणारा आणि या दुखण्याला जवळजवळ निरुपयोगी.

अंगठ्याच्या बाजूला मनगटावर जे हाड बोटाला टोचतं, त्याच्यावरून दोन टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) एका अरुंद बोगद्यातून अंगठ्याकडे जातात. एक अंगठ्याला बाहेर खेचतो, दुसरा ताठ करतो. बोगद्याचं आवरण जाड झालं की ते आत घासतात. बरणीचं झाकण फिरवताना, कपडा पिळताना, बाळ उचलताना कळ जाते. स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेरव्हेन यांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टरांच्या कागदावर त्यांचं नाव येतं. पट्टा घेताना लक्षात ठेवायचं ते असं: हे टेंडन मनगट आणि अंगठ्याचं मूळ, दोन्ही ओलांडून जातात. फक्त मनगट धरलं तर अंगठा हलत राहतो, फक्त अंगठा धरला तर मनगट. घासणं काही थांबत नाही. उलट, अंगठ्याच्या नखाजवळच्या सांध्यापर्यंत हे दोघं पोचतच नाहीत, त्यामुळे तो सांधा अडकवण्याचं काहीच कारण नाही.

म्हणजे मनगट आणि अंगठ्याचं मूळ एकत्र धरणारा आणि अंगठ्याचा शेंडा मोकळा सोडणारा ब्रेस हवा. दुकानात त्याला ‘थंब स्पायका’ म्हणतात आणि नावानेच मागावा. नुसतं ‘रिस्ट ब्रेस’ म्हटलं तर तळव्याच्या बाजूला पत्ती असलेला, अंगठ्याला फक्त भोक ठेवलेला ब्रेस मिळतो. तो रात्री बोटं बधिर होणाऱ्यांसाठी, म्हणजे कार्पल टनेलसाठी असतो. अंगठ्याच्या मुळाशी झीज झालेल्यांचा आखूड ब्रेसही असतो. तो मनगटाच्या आधीच संपतो, म्हणून इथे चालत नाही. पत्ती नसलेला निओप्रीनचा हातमोज्यासारखा प्रकार ऊब देतो, हालचाल मात्र फारशी रोखत नाही. दुखणं उतरल्यावर, मोठा ब्रेस सोडतानाच्या आठवड्यांत तो ठीक.

मुंबईत टायनॉर, विस्को, फ्लेमिंगो यांचे थंब स्पायका सहज मिळतात, किंमत काही शेकड्यांत. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या किंवा परळला केईएम रुग्णालयाच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत निवड जास्त असते आणि मुख्य म्हणजे हातात घालून बघता येतो. ऑनलाइन मागवला तर डावा-उजवा आणि साइज यांत गफलत होणं नेहमीचं. पाकिटावरच्या नावापेक्षा आतली पत्ती बघा. अ‍ॅल्युमिनियमची, हाताने वाकणारी पत्ती अंगठ्याच्या बाजूने वर मनगटापलीकडे गेलेली हवी. प्लास्टिकची कडक पत्ती वाकवता येत नाही, आणि तुमच्या हाताचा आकार कारखान्यातल्या साच्याशी जुळेलच असं नाही.

साइजसाठी मनगटाचा घेर त्या टोचणाऱ्या हाडाच्या रेषेत मापायचा, ढिल्या टेपने. सूज असेल तर सुजेसकट. दोन साइजच्या मधलं माप आलं तर मोठा घ्या. वेल्क्रो आवळता येतो, छोटा ब्रेस मोठा करता येत नाही. ‘युनिव्हर्सल’ साइज बारीक मनगटाला बहुतेक वेळा ढिलाच पडतो.

घालण्यापूर्वी पत्ती काढून वाकवून घ्यावी. अंगठा पाण्याचा पेला धरल्यासारखा, तळव्यापासून थोडा लांब आणि सैल असला पाहिजे. मनगट सरळ किंवा किंचित मागे. दुकानातून येणारी पत्ती बऱ्याचदा सपाट असते. तशीच घातली तर अंगठा सैल न राहता दिवसभर बाहेर ताठ राहतो. टेबलाच्या कडेवर थोडी थोडी वाकवा, एकदम कोन पाडू नका. त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवलेलं अ‍ॅल्युमिनियम तुटतं. पत्तीची कड त्या हाडावर नेमकी येत असेल तर तिथे जरासा फुगवटा काढायचा, नाहीतर दोन दिवसांत कातडी लाल होते.

मग सगळे वेल्क्रो सोडून आधी अंगठा आत, नंतर मनगटाचा पट्टा, मग कोपराकडचा, शेवटी अंगठ्याचा. अंगठ्याचा आधी आवळला तर ब्रेस पुढे सरकतो आणि नखाजवळचा सांधा झाकला जातो. पट्ट्याखाली एक बोट सरकलं पाहिजे. नख दाबून सोडलं की दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परत आला पाहिजे. अंगठ्याचा शेंडा तर्जनीच्या शेंड्याला टेकला पाहिजे. टेकत नसेल तर ब्रेस एकतर लांब आहे किंवा चुकीचा वाकवलाय.

सगळ्यांत जास्त होणारी चूक आवळण्याची. “घट्ट म्हणजे आधार” असं वाटतं, पण या जागी कातडीच्या लगेच खाली एक नस जाते, ती अंगठ्याच्या पाठीला संवेदना देते. पट्टा तिच्यावर दाबला की अंगठ्याची पाठ बधिर होते किंवा तिथे मुंग्या येतात. लोक म्हणतात दुखणं वाढलं. वाढलेलं काही नसतं, पट्टा सैल करायचा असतो. त्याच हातात घड्याळ किंवा घट्ट कडं घातलं तरी हेच होतं. ते दुसऱ्या हातात.

मुंबईत ब्रेस टिकतो की कपाटात जातो, हे घाम ठरवतो. निओप्रीन आणि जाड फोम एप्रिल-मेमध्ये असह्य होतात, वास धरतात, घामोळं आणतात. जाळीदार कापडाचा घ्यावा आणि आत सुती स्टॉकिनेट, म्हणजे मोज्यासारखं नळीदार विणलेलं कापड, घालावं. सर्जिकल दुकानात ते मीटरवर मिळतं. तुकडा अंगठ्यासाठी भोक पाडून घ्यायचा, रोज बदलायचा. ब्रेस धुताना पत्ती काढायची (कुठल्या बाजूने होती ते आधी पेनने खूण करून), वेल्क्रो बंद करायचे, कोमट पाणी, साधा साबण, सावलीत वाळवणं. मशीनमध्ये टाकू नये. पावसाळ्यात रात्रभरात वाळत नाही, आणि ओला ब्रेस घातला की कातडी सोलपटते. शक्य असेल तर दोन घ्यावेत. वेल्क्रोत अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने काढले तर पकड परत येते. साडीच्या काठाचा आणि ओढणीचा मात्र वेल्क्रो शत्रूच, त्यावर उपाय नाही.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे दिवसरात्र, आंघोळ सोडून. दिवसातून दोन-तीनदा काढून अंगठा आणि मनगट दुखणार नाही इतपत हलवायचं, नाहीतर आखडतात. मग रात्री आणि जड कामाला, असं साधारण चार ते सहा आठवड्यांपर्यंत. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवायची जी तपासणी डॉक्टर करतात, ती घरी रोज करून “अजून दुखतंय का” बघण्यात अर्थ नाही. त्याच जागेला पुन्हा ताण.

ब्रेस हाताला, आणि अंगठा मोबाइलवर, असं चालत नाही. एका हाताने लोकलचं हँडल आणि दुसऱ्याच्या अंगठ्याने टायपिंग, ही विरार फास्टमधली पोझ सोडावी लागते. बाळाला काखेत अंगठे ताणून उचलू नये. एक तळवा बुडाखाली, दुसरा मान-पाठीखाली. बाळंतिणींना हे दुखणं फार होतं, त्यामुळे हे घरातल्या आजीलाही सांगून ठेवावं. कपडे पिळण्याऐवजी दोन तळव्यांत दाबावेत. ब्रेस घालून स्कूटर चालवू नये, आणि गॅसजवळ जाताना फोम आणि वेल्क्रो पेट घेऊ शकतात हे विसरू नये.

चार-सहा आठवड्यांत फरक नसेल तर ब्रँड बदलून उपयोग नाही, हाताच्या सर्जनला किंवा ऑर्थोपेडिकला दाखवावं. स्टिरॉइडचं इंजेक्शन नुसत्या ब्रेसपेक्षा जास्त जणांना गुण देतं. काहींच्या बोगद्यात मध्ये पडदा असतो, तिथे औषध एकाच कप्प्यात राहतं आणि इंजेक्शन फसतं. मग छोटी शस्त्रक्रिया. हातावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावरच्या खळग्यात दुखत असेल तर ब्रेसच्या आधी एक्स-रे. ताप, लाली, ठणका असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

तयार ब्रेस बसतच नसेल, हात फार बारीक किंवा सुजलेला असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून थर्मोप्लास्टिकचा बनवून घ्यावा. केईएम, सायन आणि हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा संस्था इथे हा विभाग आहे. गरम पाण्यात मऊ केलेली शीट तुमच्याच हातावर बसवतात, कडा घासून देतात. आवळण्याची भानगड कमी. तोटा एकच: गरम पाणी, उन्हात उभी गाडी किंवा गॅसशेजारचा ओटा, कुठेही तो पुन्हा मऊ होऊन वाकतो. वाकला तर फेकू नका, घरी सरळ करायलाही जाऊ नका. थेरपिस्ट बहुतेक वेळा तोच तुकडा तापवून परत बसवून देतात.