सावंतवाडीचे घडीचे टेबल : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

रत्नागिरीतील आमच्या वन बीएचके घरात मुलीचा अभ्यास, माझे कार्यालयीन काम आणि पाहुण्यांचे अंथरूण हे सारे एकाच खोलीत सामावून घ्यावे लागते. म्हणून सावंतवाडीच्या एका छोट्या कारखान्याकडून आम्ही भिंतीवर घडी होणारे फणसाच्या लाकडाचे टेबल बनवून घेतले. बंद असताना ते भिंतीपासून जेमतेम ९ इंच पुढे येते आणि रंगवलेल्या कपाटासारखे दिसते. दर्शनी फळी खाली ओढली की ३ फूट रुंदीचे टेबल तयार होते, आतला दिवा आपोआप लागतो आणि ठरावीक जागी ठेवलेला मोबाईल वायरशिवाय चार्ज होऊ लागतो.

फळीवर गंजिफ्यातील, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या जुन्या खेळातील, दशावताराची दहा गोल चित्रे आहेत. दशावतारी गंजिफ्यात प्रत्येक अवताराची १२ याप्रमाणे १२० पाने असतात. ही कला मागे पडत चालली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले या दांपत्याने तेथील राजवाड्यात कारागिरांना आश्रय देऊन तिला नवे जीवन दिले. त्याच परंपरेत तयार झालेला हात या चित्रांत ओळखू येतो. मत्स्यावताराच्या खवल्यांची प्रत्येक रेघ कुंचल्याने ओढलेली आहे, छापाचा कुठेही मागमूस नाही.

सुतारकामही तितकेच जाणत्याचे आहे. चौकटीचे सांधे साल-कुसवाचे (एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या भोकात घट्ट बसवलेले) असून मधला दिलहा, म्हणजे चौकटीतील सपाट फळी, सरसाने न चिकटवता खाचेत मोकळा बसवला आहे, कारण आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत लाकूड आडव्या अंगाने फुगते आणि त्याला सरकायला जागा नसेल तर ते तडकते किंवा सांधा उखडते. संपूर्ण पावसाळ्यात खण एकदाही अडकला नाही.

खरी अडचण चार्जरच्या जागी आली. चार्जरची चकती फळीच्या खालून बसवता यावी म्हणून तेथे लाकूड काही मिलिमीटर जाडीपर्यंत कोरून काढले आहे, आणि मोबाईल नेमका कुठे ठेवायचा हे कळावे म्हणून वर लाखेचा तांबडा ठिपका दिला होता. दिसायला तो फारच देखणा होता. परंतु लाख ही उष्णतेने मऊ होणारी राळ आहे. खरादावर (लाकूड गोल फिरवणाऱ्या यंत्रावर) फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवताच घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि रंग चढतो, ही तर या कलेची मूळ पद्धतच आहे. वायरशिवाय चार्ज होताना मोबाईल आणि चकती दोन्ही तापतात, आणि मोबाईल थोडा जरी बाजूला सरकला तरी अधिकच तापतात. काही आठवड्यांत लाखेवर मोबाईलच्या कव्हरची जाळीदार नक्षी उमटली. कारागिराने तक्रार ऐकून ठिपका काढला आणि त्या जागी शिसवी लाकडाचे कडे जडवून दिले. ते आजही जसेच्या तसे आहे. लाखकाम आणि उष्णता देणारे उपकरण एकमेकांपासून दूर ठेवावे, हे ज्यांना असे टेबल करून घ्यायचे आहे त्यांनी आधीच सांगून ठेवावे.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र समोरून दिसत नाही. दिवा, चार्जर आणि त्यांची सर्व जोडणी एका वेगळ्या पातळ फळीवर असून चार स्क्रू काढताच ती पूर्ण बाहेर येते. फणसाचे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकते, वर्षांगणिक त्याचा पिवळा रंग गडद होत जातो. आतली विद्युत उपकरणे मात्र काही वर्षांत जुनी होतात. ती बदलताना लाकडाला करवत लागणार नसेल, तरच या दोहोंचा संसार टिकेल, असे माझे ठाम मत आहे. दिव्याचा प्रकाश मोबाईलवरून कमीजास्त करता येतो, पण साधी कळही दिलेली आहे. वादळी पावसात इंटरनेट बंद पडले तेव्हा तिचाच उपयोग झाला.

बिजागऱ्या मात्र निराशाजनक आहेत. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवर खाऱ्या वाऱ्याने तपकिरी ठिपके पडले आहेत. समुद्राजवळच्या घरासाठी मॉलिब्डेनम (खाऱ्या हवेतील गंज रोखण्यास मदत करणारा धातू) असलेले ३१६ प्रतीचे स्टील मागून घ्यावे, त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजावे लागले तरी चालतील. आम्ही एकूण ४२,००० रुपये दिले आणि त्यातला मोठा भाग चित्रकाम व सुतारकाम यांचा आहे, याचे मला समाधान वाटते. बसवताना ओल येणारी भिंत टाळावी, आणि टेबल व भिंत यांच्यात हवा खेळेल इतकी फट ठेवायला सुताराला आवर्जून सांगावे.